आपलं शून्य

मंगळवारी सकाळी मेघनाचा फोन आला. ती म्हणाली, रेश्मा गेली. मी विचारलं, कधी. ती म्हणाली, पहाटे. तव्यावर पोळी होती. ती काढली आणि गॅस बंद केला.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात अडकून बसली आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही. तू गेल्याचं मला मेघनाकडून कळलं. तुझ्या भावाने आधी तिला फोन केला आणि तिने मला. आपण दोघी सात वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, मेघनाला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं, तरी तुझ्या घरच्यांच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर होता आणि माझा नव्हता. माणूस गेल्यावर असला हिशोब करू नये, हे मला कळतं. तरी तो होतो. रडू आलं ते यानंतर, आणि त्यातलं किती तुझ्यासाठी होतं आणि किती त्या फोनसाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं? झाली का सुरू तुझी जळजळ? ईनो देऊ?"

आपलं काम कुणी विचारलं की तू एका वाक्यात सांगायचीस, "माधवी जमीन देते, मी घरं बांधते." त्याहून नीट मला आजही सांगता येत नाही. मी नकाशे करायचे. रस्ते, नाले, घरांच्या कडा, डोंगराच्या उंचीच्या रेषा, सगळं सपाट, कागदावर ठेवल्यासारखं. ते तुझ्याकडे यायचं. तू ते तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घ्यायचीस, घरांच्या कडा धरून भिंती वर उचलायचीस, उंचीच्या रेषांवर चादर टाकावी तशी जमीन पसरायचीस, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर एक वस्ती उभी असायची. तिच्यात शिरता यायचं, गल्लीतून फिरता यायचं.

मग पाटकर सर यायचे, त्यांच्यामागून पाहुणे. खुर्च्या सरकायच्या त्या तुझ्या बाजूला. "अरे, हे तर आपलं देऊळ! ही बघा बालवाडी!" माझ्या पडद्यावर तेच देऊळ कित्येक दिवस एक चौकोन होऊन पडलेलं असायचं, त्याला कुणी ओळख दिली नव्हती. त्या चौकोनाची कडा शेजारच्या गटारावर चढू नये म्हणून मी डोळे फोडलेले असायचे. पाहुण्यांच्या गर्दीत माझी खुर्ची भिंतीला लागायची आणि मी त्यांच्या खांद्यांवरून तुझी वस्ती बघायचे. सुंदर असायची. तेच तर दुखायचं.

एकदा तुला बोलूनही दाखवलं. तू डबा उघडत होतीस. म्हणालीस, "अगं, पोर तुझंच आहे. मी फक्त त्याला कपडे घालून बाहेर नेते. लोक कपड्यांचं कौतुक करतात, त्याला मी काय करू?" आणि तुझ्या आईने दिलेली सोलकढी झाकणात ओतून माझ्याकडे सरकवलीस. तुझी अशी एक खोड होती. मी भांडायला लागले की तू खायला द्यायचीस.

आपलं पहिलं काम आठवतं? वर्सोव्याचा कोळीवाडा. तेव्हा आपल्याला दोघींनाही हे नकाशातून मॉडेलमध्ये नेण्याचं प्रकरण नवीन होतं. मी फाईल दिली आणि तू ओरडलीस, "माधवी, यात काहीच नाहीये गं! रिकामी फाईल दिलीस." मी म्हटलं, सगळा कोळीवाडा आहे, नीट बघ. तू जवळ गेलीस, अजून जवळ गेलीस, माऊसचं चाक फिरवून फिरवून बोट दुखलं तुझं, आणि मग पडद्याच्या मधोमध मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. तो वर्सोवा होता. मी आकडे अक्षांश-रेखांशांत दिले होते, तुझ्या सॉफ्टवेअरने ते मीटर समजून घेतले, आणि घरं, होड्या, मासे वाळवायच्या जागा यांच्यासकट अख्खा कोळीवाडा चिमटीत मावेल एवढा झाला. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "वाट लागली. आता यात माणसं कशी राहणार?" आणि आपण इतक्या हसलो की पाटकर सर केबिनमधून बाहेर आले.

दुसऱ्या वेळी मी मीटरमध्ये दिलं. आता वस्ती पूर्ण आकाराची आली, पण जवळ गेलं की भिंती थरथरायच्या. ताप भरल्यासारख्या. साकीनाक्याचं ते जुनं ऑफिस, खाली पत्रा ठोकायचं वर्कशॉप, दिवसभर धाड धाड. मला खरंच वाटलं की खालच्या मशीनने टेबल हलतंय. मी खाली जाऊन त्या माणसाला हात जोडून सांगितलं, दादा, दहा मिनिटं बंद ठेवा. त्याने बंद केलं. वर आले तर भिंती थरथरतच होत्या आणि तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतीस.

मग कळलं की नकाशातली मीटरची मोजणी विषुववृत्तापासून सुरू होते. आपला वर्सोवा तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब. एवढे मोठे आकडे पेलताना तुझ्या सॉफ्टवेअरचा हात थरथरायचा. उपाय सोपा होता. वस्तीजवळची एक जागा निवडायची, तिला शून्य म्हणायचं, आणि तिथून सगळं मोजायचं. काम झालं की त्या जागेचे आकडे बेरजेत परत मिळवायचे, म्हणजे मॉडेल पुन्हा नकाशावर आपल्या जागी बसतं. फक्त ती जागा विसरायची नाही.

कुठली जागा घ्यायची, हे ऑफिसात बसून ठरवता आलं असतं. तू म्हणालीस, "छे, शून्य असं टेबलावर बसून घेतात का? चल." म्हणून आपण वर्सोव्याला गेलो. मढला जाणारी फेरी जिथून सुटते, त्या धक्क्याच्या पायरीवर तू बसलीस. सगळीकडे बोंबील वाळत होते आणि मी नाकाला पदर लावला होता. तू जीपीएसचं ते हातातलं यंत्र पायरीवर ठेवलंस आणि आकडे स्थिर व्हायची वाट बघत बसलीस. एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन थांबली.

"काय गो पोरींनो, काय मोजताव?"

"मावशी, शून्य शोधतोय," तू म्हणालीस.

"शून्य त माझे टोपलीन हाय," ती म्हणाली. "आज मावराच नाय गावला."

टोपलीत खरंच एक मासा नव्हता. तू तिला म्हणालीस, "मग टोपली ठेवा इथेच, मोजून टाकते." तीही बसली. कितीतरी वेळ आपण तिघी बसलो होतो. फेरी गेली आणि परत आली. यंत्रावरचे आकडे ठरले आणि तू म्हणालीस, "हे घे. आपलं शून्य." ते दोन्ही आकडे आपल्याला पाठ झाले. नंतर कित्येक दिवस तू टेबलापलीकडून पहिला म्हणायचीस आणि मी दुसरा. नमस्कार-चमत्कारासारखं.

पुढच्या प्रत्येक कामाला आपण जवळचं नवं शून्य घेतलं. मुलुंडच्या कामाला माझ्या इमारतीचं गेट होतं. अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या पायथ्याचा नळ होता. पण ते फक्त कामापुरते आकडे होते. पाठ राहिले ते वर्सोव्याचेच.

आणि आपलं ते भांडण. ते तू अर्धंच टाकून गेलीस. तू डोंगर दीडपट करायचीस. घरं आहेत तेवढीच ठेवून जमिनीची उंची ओढून वर न्यायचीस. मी म्हणायचे, हे खोटं आहे. तू म्हणायचीस, "खरा दाखवला तर तो कुणाला दिसतच नाही. पडद्यावर डोंगर पुरणपोळीसारखा दिसतो."

"आहे तेवढा आहे, रेश्मा."

"तू मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरून बघतेस, यार. माझ्या दारातून बघ. मग सांग किती आहे."

पण तुझ्या दारात तू मला कधी नेलं नाहीस. घाटकोपरला डोंगरावर तुमचं घर. तुझ्या वडिलांनी मिलमध्ये असताना घेतलेलं, वस्तीच्या अगदी वरच्या रांगेत. मी येते म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, "नको गं, पायऱ्या फार आहेत. तुझा दमा." काळजीच होती ती. मला ती दार लावल्यासारखी वाटायची.

मग तुझ्याच वस्तीचं काम आलं. वरच्या रांगेमागे संरक्षक भिंत बांधायची होती, ती कुठून नेली तर एकही घर तोडावं लागणार नाही, हे वस्तीतल्या मंडळाला दाखवायचं होतं. नकाशा मी केला, आणि इतका जपून मी दुसरा कुठलाच केला नव्हता. पण जागेवर जाताना तू मेघनाला घेऊन गेलीस. बोरिवलीची, धडधाकट, पायऱ्या पळत चढणारी. ती मला ताई म्हणते आणि तुला रेश्मा म्हणायची. तुम्ही दोघी वरच्या पाण्याच्या टाकीपाशी बसलेला फोटो तिने ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दोघींच्या हातात भजी. मी त्यावर अंगठा दिला. आणि फोटो मोठा करून करून बघितला, तू कशी हसते आहेस ते. माझ्याबरोबर हसायचीस तशी, की वेगळी.

त्यानंतर तू रजेवर गेलीस. मला सांगितलंस, "जरा अशक्तपणा आहे, येते पुढच्या आठवड्यात." मेघनाला खरं सांगितलंस. हे मला नंतर तिनेच सांगितलं, वर असंही म्हणाली की रेश्माला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, ताई. ती चांगली मुलगी आहे. तिने हे माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं. मला त्या क्षणी ती समोर नको होती. त्रास घ्यायचा मान तिला मिळाला आणि मला मिळाला नाही, एवढंच मला ऐकू आलं.

तेराव्याला मी तुझ्या घरी आले. पायऱ्यांवर चार वेळा थांबले, पंप ओढला, पुन्हा चढले. आई दारातच बसल्या होत्या. "इलंस गो बाय? बस. मेघना आत्ताच गेला. रोज येता." मी बसले. त्यांनी चहा करायला सांगितला आणि म्हणाल्या, "तू ती नकाशावाली ना? माका ठाऊक हा." तुझ्या दारात बसून मी वर बघितलं. डोंगर अंगावर आल्यासारखा उभा होता. मान मागे टाकल्याशिवाय त्याचा माथा दिसेना. दीडपट नाही गं. दुप्पट आहे. हे तुला सांगायला मी वळले, आणि तिथे तुझा फोटो होता.

मॉडेल तू जवळजवळ पुरं केलं होतंस. भिंतीची रेषाही आखली होतीस, वरच्या रांगेमागून नागमोडी, एकेका घराला वळसा घालून. राहिलं होतं ते उलटं काम. ती रेषा मॉडेलमधून परत नकाशावर आणायची, आणि रविवारच्या बैठकीआधी जागेवर चुन्याची फक्की मारून दाखवायची. त्यासाठी तुझं शून्य हवं होतं. ते तू कुणाला सांगितलं नव्हतंस.

मेघना म्हणाली, "टाकीच असणार ना, ताई. आम्ही तिथेच तर बसलो होतो. यंत्र पण होतं तिच्याकडे."

आम्ही. मी म्हटलं, असेल.

तिला इतकी खात्री होती की मॉडेलमध्ये शून्य कुठे पडतंय हेसुद्धा तिने बघितलं नाही. टाकीचे आकडे मिळवले आणि सगळी वस्ती नकाशावर सोडली. ती देवनारच्याही पलीकडे जाऊन पडली. खाडीत. तुझं घर, बालवाडी, टाकी, भिंत, सगळं पाण्यात. मेघनाने तोंडावर हात ठेवला. आणि मला, रेश्मा, आनंद झाला. टाकीपाशी तुम्ही भजी खाल्लीत, पण शून्य तिथे घेतलं नव्हतंत. एवढ्यावर मी एक अख्खी दुपार सुखात काढली.

दुसऱ्या दिवशी तिने घरांचे कोपरे नकाशाशी जुळवून वस्ती जागेवर आणायचा प्रयत्न केला. एक कोपरा जुळला की दुसरा हातभर सरकायचा. तिथली छपरं एकमेकांवर चढलेली, कोपरा कुणाचा हेच कळत नाही. दुसरीकडे हातभर चूक चालते. तुमच्या वरच्या रांगेत हातभर म्हणजे कुणाचं तरी न्हाणीघर. पाटकर सर म्हणाले, नाही जमलं तर रेषा पुन्हा मोजून आखू, बैठक पुढे ढकलू. मेघना रडवेली होऊन माझ्या टेबलाशी आली.

"ताई, अजून एक गंमत सांगू? जवळ गेलं ना, की भिंती थरथरतात. अगदी थोड्याशा. मला आधी वाटलं, बाहेर मेट्रोचं काहीतरी चाललंय, टेबल हलतंय."

मी उठले. मग तिच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तुझं मॉडेल उघडलं. आजवर उघडलं नव्हतं. एका घराच्या भिंतीपाशी गेले. थरथरत होती. फार नाही, डोळ्यांची पापणी फडफडते तेवढीच. शून्य त्या वस्तीत असतं तर ती थरथरली नसती. शून्य लांब होतं. आणि किती लांब, कुठल्या बाजूला, हे मेघनाच्या चुकीनेच सांगून ठेवलं होतं. वस्ती टाकीपासून जितकी दूर खाडीत पडली होती, तितकंच दूर, बरोबर उलट दिशेला. मी नकाशावर टाकीपासून उलटी रेष ओढली. साकीनाका ओलांडून, अंधेरी ओलांडून ती समुद्रापाशी गेली. मला पुढे मोजावं लागलं नाही. पहिला आकडा तू म्हणायचीस तो टाकला, दुसरा मी म्हणायचे तो टाकला.

वस्ती आली आणि जागेवर बसली. प्रत्येक गल्ली माझ्या गल्लीवर, प्रत्येक कोपरा माझ्या कोपऱ्यावर. तुझं दार मी आखलेल्या दारावर.

असं का केलंस, हे मला माहीत नाही. कदाचित घाई होती, अंगात त्राण नव्हतं, म्हणून तू जुनी वर्सोव्याची फाईल उघडून तिच्यातच नवं काम सुरू केलंस. तसंच असेल. माझी बुद्धी तसंच सांगते. पण तुझ्या घराची प्रत्येक भिंत, तुझ्या आईची चूल, तो अख्खा डोंगर त्या पायरीपासून मोजलेला आहे, हेही तितकंच खरं आहे, आणि त्याला कुठलंही कारण असलं तरी मला चालेल. हे मला तुला विचारता आलं असतं. तू म्हणाली असतीस, "डोक्यात जाऊ नकोस, फाईल जुनी होती," आणि डबा पुढे केला असतास.

फक्कीसाठी रेषा काढायची तर उंची खरी हवी होती. डोंगर मी एकपट केला. तो पडद्यावर खाली बसला, पुरणपोळीसारखा. ते भांडण मी जिंकले. मला ते तुझ्याकडून जिंकायचं होतं. मंडळाला दाखवायच्या मॉडेलमध्ये मात्र त्याला हात लावला नाही. तिथे तो तू केलास तेवढाच आहे, दीडपट.

रविवारी फक्की मारली. रेषा तुमच्या न्हाणीघरामागून गेली, मध्ये हंडा ठेवता येईल एवढी जागा सोडून. आई बाहेर येऊन ती पांढरी रेघ बघत उभ्या राहिल्या. मेघनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला तसा हात ठेवता येत नाही. मी आकडे तपासत राहिले.

उतरताना तिने विचारलं, "ताई, पण ते शून्य तुम्हाला कसं सापडलं?" मी म्हटलं, पूर्वीचे आकडे होते, पाठ होते. "मला द्याल? पुढे लागले तर?" मी दिले. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतले. कुठली जागा आहे ही, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे एक, जुन्या कामातली.

नकाशावर टाकले तर तिला किनारा दिसेल, धक्का दिसेल, फार तर पायरीही दिसेल. यंत्र स्थिर व्हायची वाट बघत तिथे कोण बसलं होतं आणि टोपलीत काय होतं, ते तिला दिसणार नाही.

तुझी वस्ती जागेवर आहे. आकडे आता मेघनाकडेही आहेत. पायरीबद्दल मी तिला सांगितलेलं नाही.